टाइमटेबल पेन्सिलीनं लिहायचं

७ जून, शनिवार

आज प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्याच तासाला वाद झाला. हा भावी आचार्यांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा वर्ग. शहरातल्या निरनिराळ्या शाळांमधून आलेले आम्ही सगळे, बहुतेकांची उमेद फळ्यापुढे गेलेली. एका सरांनी हात वर केला आणि म्हणाले, नेतृत्व रक्तातच असावं लागतं, शनिवार-शनिवार बाकावर बसून ते येत नसतं. निम्म्या वर्गानं माना डोलावल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, सर, बडोद्यात बसून तुम्ही हे म्हणताय? ज्यांच्या नावाची बाग आणि विद्यापीठ आपण रोज वापरतो ते सयाजीराव कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली राजघराण्यात दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. रक्तावर भागलं असतं तर गादीवर बसवून सगळे मोकळे झाले असते. तसं झालं नाही. इलियट साहेबांना शिक्षक म्हणून नेमलं, शिक्षण चालू होतं तोवर राज्याचा गाडा दिवाण टी. माधवरावांनी ओढला, आणि राज्य कसं करायचं यावर माधवरावांनी या मुलाला व्याख्यानंही दिली. पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ च्या डिसेंबरात.

बोलता बोलता एक गोष्ट माझ्याच लक्षात आली. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी फक्त अमरेलीकडच्या काही गावांत सुरू केलं. सगळ्या राज्याला लागू व्हायला १९०६ उजाडलं. राजा होता, एका हुकमानं करता आलं असतं. तेरा वर्षं थांबला.

ते सर शांतपणे म्हणाले, "बेन, त्यांना सहा वर्षं मिळाली. आपल्याला कोण देतंय?"

वर्ग हसला, मीही हसले. मला एकच वर्ष आहे. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या आचार्या मोटाबेन निवृत्त होतील आणि त्या खुर्चीत मी बसेन, असं ट्रस्टनं ठरवलंय.

११ जून

शिपायापासून ट्रस्टींपर्यंत सगळे आचार्यांना मोटाबेन याच नावानं हाक मारतात. आज त्यांनी माझ्यापुढे मोठा चार्टपेपर, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं. सहावी ते दहावीचं टाइमटेबल करा, म्हणाल्या. मी सवयीनं पेन काढलं. "पेनानं लिहाल तर खोडवणार नाही, आणि खोडवत नाही म्हणून वर्षभर तसंच चालवाल." कॉम्प्युटरवर करू का विचारलं, तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी करा, यंदा हातानं.

आता कळतंय का ते. मशीन रकाने भरून देईल, पण कुठला रकाना कुणाला बोचतोय ते हातानं भरतानाच समजतं. संस्कृतचे सर दोन शाळांत शिकवतात, आमच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रयोगशाळा एकच. कॉम्प्युटर-रूममध्ये एका वेळी अर्धा वर्ग मावतो. सहावीच्या नव्या बेनचं बाळ लहान आहे, पहिला तास नको. मैदानावर ठरावीक वेळी लहान मुलं असतात. एवढं सगळं बसवून झालं की उरलेल्या जागांत चित्रकला आणि पी.टी. कोंबायची. मीही तेच करत होते. हात आपोआप चालला होता.

मग थांबून चार्टकडे लांबून पाहिलं. गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं पहिल्या चार तासांत. चित्रकलेच्या सरांचे सगळे तास शेवटचे, बारा वाजल्यानंतरचे. दिवाळीनंतर दहावीच्या रिव्हिजनसाठी पहिले जातात ते हेच तास. सर कधी काही बोलले नाहीत. कित्येक वर्षांत कुणी त्यांना विचारलंही नाही.

आणि मी? इतकी वर्षं माझं गणित साडेसातला, ताज्या मुलांपुढे. माझा तास छान रंगतो असं पालक म्हणतात. त्यात माझा वाटा किती आणि सकाळच्या वाऱ्याचा किती, हे आता कोण सांगणार!

सगळं खोडलं. चित्रकला आणि पी.टी. आधी मांडलं, मग बाकीचे विषय. आठवी 'ब'ला मंगळवारी दुसऱ्या तासाला चित्रकला. गणिताचे सर बघून गेले आणि दारात थांबून म्हणाले, "बेन, तुम्ही गणिताच्या असून?"

१२ जून

मोकळ्या तासांचा गुंता राहिला होता. आठवीपर्यंतच्या वर्गांना शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट लागू पडतं. सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास हे पाठ होतं. त्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास लिहिलेत आणि तयारीचा वेळ त्यातच धरलाय, हे आज नीट वाचलं. आमच्याकडे मोकळा तास दिसला की प्रॉक्सी लागते, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी वर्गावर जायचं. प्रॉक्सी लागल्याची चिठ्ठी घेऊन शिपाईकाका येताना दिसले की स्टाफरूममधली अर्धी माणसं वहीत डोकं घालतात.

प्रत्येकाला आठवड्यातून दोन मोकळे तास असे दिले की त्यांना प्रॉक्सी लागणार नाही. चार्टवर त्या चौकटी हिरव्या केल्या. मोटाबेननी चष्मा वर करून पाहिलं. "जोईए," म्हणाल्या. म्हणजे बघू. त्यांच्या 'जोईए'चा अर्थ होही असतो आणि नाहीही.

२६ जुलै, शनिवार

तासनिरीक्षण. प्रशिक्षणवर्गाच्या मार्गदर्शक बाईंचा नियम असा की दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि फक्त दिसलं-ऐकलं तेवढंच लिहायचं. 'छान', 'कंटाळवाणं', 'प्रभावी' असलं एकही विशेषण चालणार नाही. सोपं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात सातवीच्या विज्ञानाच्या तासाला बसले आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'सुरुवात आकर्षक'. खोडलं. मग लिहिलं, 'बेननी लिंबू आणि हळदीचा कागद दाखवला.' हे बरं.

वीस मिनिटं झाल्यावर माझ्या कागदावर एक चित्र दिसायला लागलं. उत्तरं देणारी मुलं सगळी पुढच्या दोन बाकांवरची. बेन प्रश्न विचारत होत्या आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देत होत्या. विज्ञान शिकवण्यावर संशोधन करणाऱ्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. वाचलं होतं मी हे, बी.एड.च्या वयात नाही, याच प्रशिक्षणवर्गात. पण मागच्या बाकावरून तो एक सेकंद ऐकणं वेगळं. माझ्याच शेजारच्या मुलाचा हात अर्धा वर आला आणि खाली गेला.

त्याहून कठीण म्हणजे गप्प बसणं. दोनदा मला उठून फळ्याकडे जावंसं वाटलं. चांगल्या शिक्षकाची सगळी हुशारी बोलण्यात असते आणि इथे तीच आड येते.

तास संपल्यावर बोलायचं एकाच गोष्टीवर, असंही बाईंनी सांगितलंय. माझ्याकडे सात होत्या. मी फक्त तो कागद बेनपुढे ठेवला, कुठल्या बाकावरून किती उत्तरं आली तो. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बेन, तुम्ही थांबायचात?"

मी म्हटलं, सोमवारी माझ्या आठवी 'ब'च्या तासाला येऊन मोजा.

आल्या. मोजलं. आकडा इथे लिहीत नाही, त्यांच्या वहीत आहे. पण त्यानंतर त्यांनीच मला पुन्हा सातवीत बोलावलं, आणि यावेळी लिंबाचं उत्तर खिडकीजवळच्या मुलीकडून आलं.

ऑगस्टचा शेवट

पाऊस लागला की अजून पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी गावात शिरली, सोसायट्यांमध्ये मगरी सापडल्या, हे कोण विसरेल? आमच्या तळमजल्यावरही पाणी आलं होतं. बाकं धुऊन वापरता आली. जनरल रजिस्टरं मात्र महिनाभर पंख्याखाली पान-पान वाळवावी लागली. मुलाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस सगळं त्यात. शाळा सोडून तीस वर्षं झालेला माणूस पासपोर्टसाठी जन्मतारीख काढायला येतो तेव्हा याच पानाशी येऊन थांबतो.

यंदा जूनमध्येच ती दुसऱ्या मजल्यावर हलवली. कपाटाची किल्ली कुणाकडे, यावर क्लार्कभाईंशी जरा वाजलं. वीस वर्षं ती त्यांच्या कमरेला होती. दुसरी किल्ली करून घेतली, एक त्यांच्याकडे, एक ऑफिसात. गोष्ट एवढीशी. मिटायला आठवडा गेला. प्रशिक्षणात 'बदलाचं व्यवस्थापन' नावाचं प्रकरण आहे, त्यात किल्लीचा उल्लेख नाही.

मोटाबेनकडून दुसरी गोष्ट शिकले. पावसाची सुट्टी द्यायची तर ती सहाच्या आत, आणि पहिला फोन व्हॅनवाल्या काकांना. पालकांचा ग्रुप नंतर. सव्वासहाला पहिली व्हॅन निघते. पालकांना आधी कळवलं तर निम्मी मुलं रस्त्यात आणि निम्मी घरी, आणि रस्त्यातल्यांची जबाबदारी कुणाची हे ठरवायला वेळ नसतो. पाचला उठून आकाश, नदीची पातळी आणि सरकारी परिपत्रक तिन्ही बघून ठरवायचं. कुणाला विचारत बसायचं नाही. ठरवल्यावर शिव्या खायच्याच, दिली तरी आणि नाही दिली तरी.

५ सप्टेंबर

स्वयंशिक्षकदिन, म्हणजे मुलांनीच शाळा चालवायचा दिवस. दहावीची एक मुलगी आज आचार्य झाली. साडी, चष्मा, सगळं मोटाबेनसारखं. तिला वाटलं होतं खुर्चीत बसायचं आणि घंटा द्यायची. दोन तासांत कंटाळली. माझ्याकडे येऊन विचारते, "बेन, आचार्य शिकवत का नाहीत? मग त्यांना आम्ही कळतो कसे?"

मोटाबेन सहावीला आठवड्यातून एक तास गुजराती घेतात, तेव्हा त्यांच्याविषयी हा प्रश्न गैरलागू. माझ्याविषयी नाही. पुढच्या वर्षी माझे सगळे तास काढायचे असं वरून सुचवलं गेलंय, कामाचा भार बघून. मी आठवी 'ब'चं गणित सोडणार नाही, असं आज ट्रस्टींना सांगून आले. तावातावात नाही, साध्या आवाजात. त्यांनी लिहून द्या म्हटलं. दिलं.

स्टाफरूममध्ये मी शिरले की हल्ली गप्पांचा विषय बदलतो. आधी वाईट वाटायचं. पण मी तरी मोटाबेनसमोर काय बोलायचे? चहा मात्र अजून तिथेच पिते.

नवरात्र

रात्री गरबा, सकाळी पहिल्या तासाला निम्मा वर्ग डोळे चोळतोय. गावाचा सण आहे, त्याच्याशी भांडून काय मिळणार! या नऊ दिवसांत एकही चाचणी ठेवली नाही, पहिल्या तासाला वाचन ठेवलं. प्रॉक्सी मात्र धो-धो. शिक्षकही माणसंच, त्यांचेही पाय दुखतात. मंगळवारी चार जण रजेवर आणि हिरव्या चौकटी सोडून एकही मोकळा तास नाही. हात हिरव्या चौकटीकडे गेला होता. मग दोन वर्ग एकत्र केले, हॉलमध्ये नेले आणि मीच त्यांच्यापुढे उभी राहिले. सत्तर मुलं, माईक बंद. घसा अजून बसलाय.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या सत्राचं टाइमटेबल दिवाळीच्या सुट्टीआधी लावायचं आहे. पहिल्या सत्राचा हिशोब सरळ नाही. नववी 'अ'ला गणित शेवटच्या तासाला ठेवलं ते फसलं. त्या वेळी मुलं पेंगतात आणि सरांचं म्हणणं खरं निघालं. आठवी 'ब'च्या मंगळवारच्या चित्रकलेनंतर तिसऱ्या तासाला येणारी मुलं मात्र वेगळी असतात. मला ते दिसतं, कारण तो तिसरा तास माझाच असतो. हा पुरावा झाला का? मार्गदर्शक बाई म्हणतील, नाही. विज्ञानाच्या बेनना सांगितलंय, येत्या मंगळवारी येऊन बसा आणि दिसेल ते लिहा.

आज गणिताचे सर स्वतःच कागद घेऊन आले. त्यांनी घरी बसून अख्खं टाइमटेबल पुन्हा मांडलं होतं, पेन्सिलीनं. जूनमध्ये दारातून बोलून गेलेला माणूस आता टेबलाशी खुर्ची ओढून बसला. तीन बदल मागितले. नववीचं गणित तिसऱ्या तासाला आणा, आणलं. प्रयोगशाळेचे दोन तास जोडून द्या, दिले. तिसरा, दहावीच्या रिव्हिजनसाठी जानेवारीपासून चित्रकलेचे तास घ्या. तो नाही म्हटलं. रिव्हिजन हवी तर शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास, आणि त्यात निम्मे शनिवार मी घेईन.

सरांनी तोंड वाकडं केलं. मग खिशातून डायरी काढून त्यांचे शनिवार लिहून घेतले.