तुम्ही विचारलेत म्हणून : पोर्ट्रेटसाठी पहिला फ्लॅश कोणता घ्यावा?

अंबाजोगाईत माझ्याकडे कॅमेरा शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण काही महिन्यांनी हा प्रश्न विचारतो आणि त्याला माझ्या तोंडून एखाद्या कंपनीचे नाव ऐकायचे असते. माझे उत्तर असे आहे : ज्याचे डोके वर आणि बाजूंना वळते, ज्याची ताकद पूर्णपासून १/१२८ पर्यंत हाताने कमी करता येते आणि जो कॅमेऱ्यापासून दूर ठेवून बिनतारी ट्रिगरने उडवता येतो, असा साधा मॅन्युअल फ्लॅश घ्यावा.

वळणाऱ्या डोक्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. समोरून सरळ मारलेला उजेड चेहऱ्यावरच्या सावल्या पुसून टाकतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे जे टिपायला आपण गेलेलो असतो, तेच सपाट होते. पांढऱ्या स्लॅबवर उजेड मारला, तर तो पसरून मऊ होऊन खाली येतो. पण आपल्याकडच्या जुन्या घरांत वर माळवद असते आणि काळपटलेल्या तुळया बराचसा उजेड गिळून उरलेला तपकिरी करून परत देतात. एका वाड्यात आजींचे फोटो काढताना मला हे प्रथम कळले. भिंती गडद निळ्या होत्या, त्यामुळे डोके बाजूला वळवले की गाल निळसर दिसू लागत. शेवटी घरातल्या दोघांनी आजोबांचे धुतलेले पांढरे धोतर ताणून धरले, मी फ्लॅश त्याच्याकडे वळवला आणि आजींच्या कपाळावरच्या कुंकवाचा लाल रंग प्रथमच खरा उतरला.

टीटीएल, म्हणजे उजेड किती सोडायचा हे कॅमेऱ्याने ठरवण्याची सोय, लग्नात फार उपयोगी पडते, कारण तिथे माणसे सतत जवळ-दूर होत असतात. बसलेल्या माणसाचे अंतर मात्र बदलत नाही. ताकद एकदा जुळवली की ती पुढच्या प्रत्येक फोटोत तशीच राहते. शिवाय पांढरा पटका आणि पांढरा सदरा चौकटभर असला की कॅमेरा फसून उजेड कमी सोडू शकतो. म्हणून टीटीएलसाठी लागणारे जास्तीचे पैसे ट्रिगर, स्टँड आणि पांढऱ्या छत्रीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यावर छापलेल्या गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, मात्र भुलू नये. त्याला मीटरमधल्या अंतराने भागले की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० साठीचे ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवायचे ते, मिळते, म्हणजे ४० गाइड नंबर असलेल्या फ्लॅशला ५ मीटरवर एफ/८. पण खोक्यावरचा ६० सारखा मोठा आकडा बहुधा डोके २०० मिमीवर झूम केलेले, म्हणजे उजेड अरुंद झोतात एकवटलेला असतानाचा असतो. छत्रीत किंवा भिंतीवर मारल्यावर त्यातला बराच उजेड वाया जातो, म्हणून अगदी छोटा फ्लॅश घेऊ नये.

भर उन्हात एफ/२.८ वर आयएसओ १०० ला शटर सुमारे १/३२०० सेकंद लागते, तर बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅशशी मेळ १/२०० सेकंदाच्या आसपासच संपतो. त्यापुढे हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरशीही फ्लॅशचा मेळ घालणारी सोय, लागते आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. मी त्यापेक्षा माणसाला लिंबाच्या सावलीत बसवतो.

गावातल्या जुन्या स्टुडिओतून रोल कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅश स्वस्तात मिळाला, तर तो तपासून घेतल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कावर २०० व्होल्टपेक्षाही जास्त दाब असतो आणि तो कॅमेऱ्यातली यंत्रणा निकामी करू शकतो. नव्या फ्लॅशसाठी चार्ज होणाऱ्या चार सेलचे दोन संच ठेवा आणि अंगणात छत्री लावताना स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायला विसरू नका, कारण वाऱ्याच्या एका झोताने छत्री फ्लॅशसकट आडवी होते.