पोरं कमी झालीत, पण झालेल्या पोरांना काम कुठंय?

लोकसंख्येचा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतंच, "लोकांनी पोरं कमी होऊ द्यायला पाहिजेत." मला याचा आता खरंच राग येतो, कारण पोरं कमी कधीच झालीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर बाईमागे २.० मुलं निघाला, लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. महाराष्ट्रात तर १.७ च. बिहारमधे तेव्हा ३ होता पण तिथंही उतरतोय. तरी लोकसंख्येचा आकडा वाढतोय कारण आधी जन्मलेली भली मोठी पिढी आता संसाराच्या वयात आहे, तिनं दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं तरी काही वर्षं बेरीज वाढणारच. १९५१ ला ३६ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी, २०२३ मधे चीनच्या पुढं गेलो.

म्हणजे खरा प्रश्न या आधीच जन्मलेल्यांचा आहे, त्यांना काम कोण देणार?

आमच्या घरचंच सांगतो. आजोबांच्या नावावर बारा एकर होतं, तिघा मुलांत चार-चार झालं, आणि आता चुलत भावांच्या वाटण्या झाल्यावर एकेकाला दोन एकर. सातबारावर नावांची रांग लागलीय. विहीर सामाईक, त्यामुळं मोटारीची पाळी ठरलेली, आणि नेमकं आपल्या पाळीला लाईट गेली की झालं, पुढच्याची पाळी सुरू. प्रत्येक वाटणीला नवा बांध पडतो, तेवढी जमीन बांधात जाते, मग बांध कोरला म्हणून भांडणं, वहिवाटीच्या रस्त्यावरून कोर्टकचेऱ्या. हे फक्त आमच्याकडं नाही, महाराष्ट्रात १९७०-७१ ला शेतजमिनीचं सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ वर आलं. देशातले ४५-४६ टक्के कामकरी लोक अजून शेतीवर आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. दोन एकरात तिघं राबतात तेव्हा कागदावर तिघांनाही रोजगार असतो, पण त्यातला एक उठून गेला तरी पीक तेवढंच येतं.

मग तो एक उठतो आणि भरतीच्या मागं लागतो. पहाटे रनिंग, दिवसभर अभ्यासिका, आई-बापाच्या पैशावर तालुक्याला रूम. २०२३ ची तलाठी भरती आठवा, साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांवर, खुल्या वर्गाला फी हजार रुपये. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या वर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज. यात पोरं आळशी आहेत असं कुणी म्हणू नये, ती जीव तोडून करतायत, पण हजारातल्या नऊशे नव्वद जणांनी कितीही केलं तरी जागाच नाहीये आणि त्यात वयाची पंचविशी-तिशी निघून जाते. ज्या वयात कमवून घराला हातभार लावायचा त्याच वयात घरचा खर्च वाढतो, आणि हे लाखो घरांत एकाच वेळी चालू आहे, हे देशाचं केवढं नुकसान आहे.

मुलींचं तर वेगळंच, शिकतात चांगल्या पण गावाजवळ काम नाही आणि लांब पाठवायला घरचे तयार नाहीत.

२०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत म्हटलंय की कमावत्या वयाच्या लोकांचं प्रमाण २०४१ च्या सुमारास सगळ्यात जास्त असेल, नंतर उतरणार. म्हणजे हातात दीड-दोन दशकं आहेत. माझं स्पष्ट मत आहे की यात पैसा घालायचा तर तालुक्याच्या ठिकाणी घाला, कापसाच्या पट्ट्यात सूत आणि कपडा तिथंच होऊ दे, फळं-भाजीपाल्याचं प्रोसेसिंग तिथंच होऊ दे, आयटीआयला नवीन मशीन द्या आणि ती चालवता येणारे शिक्षकही द्या. पोरगा घरून जाऊन-येऊन पंधरा-वीस हजार कमवायला लागला तर दोन एकरावरचा एक माणूस तरी कमी होईल. आणि आज जे पंचवीसचे आहेत ते साठीला पोचतील तेव्हा त्यांना सांभाळायला मुलं एक-दोनच असतील, त्यांची म्हातारपणाची शिल्लक आत्ताच्याच पगारातून पडायची आहे, आणि तो पगारच अजून सुरू झालेला नाही.