भूत चालेल, घाई नको

स्टारड्यू व्हॅली हा कम्प्युटर गेम लोक म्हणे डोकं शांत करायला खेळतात. शेती करा, कोंबड्या पाळा, गावातल्या लोकांना गिफ्ट द्या, सगळं कसं गोडगोड. माझं त्यात बीपी वाढतं. सकाळी सहाला उठायचं, रात्री दोनच्या आत घरी येऊन झोपायचं नाहीतर आहे तिथेच चक्कर येऊन पडायचं, आणि हा अख्खा दिवस खऱ्या घड्याळात जेमतेम १४ मिनिटांत संपतो, त्यामुळे विहिरीवर पाणी भरताना, बियाणं घेताना, कुणाशी दोन शब्द बोलताना सतत नजर त्या कोपऱ्यातल्या घड्याळावर, गॅसवर दूध ठेवून अंगणात गप्पा मारत बसल्यासारखं. आणि दुसरीकडे ड्रेज, ज्याच्यावर हॉरर असा शिक्का आहे, ज्यात रात्री समुद्रात काय काय वर येतं, तो मी लाईट बंद करून, मांडी घालून शेंगा खात पूर्ण केला.

तर हे असं का, यावर बरेच दिवस डोकं चालवलं त्याची ही पोस्ट.

आधी थोडं मागचं. मालवणात आमच्या लहानपणी गेम म्हणजे सायबर कॅफेत व्हाइस सिटी, नीड फॉर स्पीड आणि पोरांनी नंबर सोडला तर काउंटर स्ट्राइक. नंतर फोनवर पबजी, ते बंद झालं मग बीजीएमआय. जॉनर वगैरे शब्द आमच्या गावीही नव्हता, गेम दोनच प्रकारचे, गाडीचा आणि गोळीचा. मग वर्क फ्रॉम होम मिळालं, जरा बरा लॅपटॉप घेतला, स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा सेल लागला आणि पुण्यातला आतेभाऊ मागे लागला की हॉरर खेळ, तू तर कोकणातली, तुला भुतांची काय भीती.

हे एक सगळेच बोलतात. कोकणातली म्हणजे जणू आमच्याकडे रोज संध्याकाळी मुंजा चहाला येतो. भुतांच्या गोष्टींवरच वाढलोय हे खरं, चकवा आहे, गिऱ्हा आहे, हडळ आहे, पण त्यातले अर्धे आमच्या बाजूचे असतात हो. देवचार गावाची सीमा राखतो म्हणून त्याला वर्षाचं देणं द्यायचं. आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. असलं ऐकत मोठं झाल्यावर पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई आली तर पहिला विचार येतो की हिचं काही द्यायचं राहिलंय का.

तर सुरुवात रेसिडेंट ईव्हिल ७ ने केली. २०१७ चा गेम, दलदलीतलं जुनं पडकं घर, आत एक येडं कुटुंब. सुरुवातीलाच हिरोचा हात चेनसॉने कापतात. मला काही झालं नाही. घरात रोज मासे कापले जातात, रक्ताचं कौतुक नाही. त्यात व्हीलचेअरवरची एक म्हातारी आहे, ती काही करत नाही, बोलत नाही, फक्त मघाशी त्या खोलीत होती ती आता या खोलीत कशी असं होतं, तिने जरा हललं आतून. पण आमची आजी रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन मांजराला शोधत घरभर फिरते, त्यामुळे त्याचीही सवय आहे. आणि मुख्य म्हणजे त्या गेममध्ये सेफ रूम असतात. टेपरेकॉर्डरवर सेव्ह करायचं, मंद म्युझिक चालू असतं, तिथे कुणी येत नाही. मी तिथे जाऊन पाणी पिऊन यायचे. बॅग लावायचे. खेळले पूर्ण.

मग माज आला. म्हटलं आपल्याला हॉरर जमतं. आतेभाऊ म्हणाला मग एलियन आयसोलेशन घे.

हा २०१४ चा. अंतराळातलं भलंमोठं स्टेशन आणि त्यात एक एलियन जो मरत नाही. बंदुकीने नाही, कशानेच नाही, आगीचा फवारा मारला तर थोडा वेळ पळतो, बस. आणि त्याची अक्कल दोन भागांत केलीय असं बनवणाऱ्यांनीच सांगितलंय, एक वरचा डायरेक्टर असतो त्याला तू कुठे आहेस ते कायम माहीत असतं, तो एलियनला नेमकी जागा सांगत नाही, साधारण त्या बाजूला बघ एवढंच सुचवतो. म्हणजे तो शोधत येतो खरोखर. आता यात सेव्ह कसं करायचं, तर भिंतीवर फोनसारखं मशिन असतं, त्यात कार्ड घालायचं आणि एक दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग दुसरा, मग तिसरा, आणि तेवढ्यात मागून येऊन तो तुम्हाला मारू शकतो. सेव्ह करताना! तिसरा दिवा लागेपर्यंत माझ्या पोटात जो गोळा यायचा तो बारावीच्या रिझल्टलासुद्धा आला नव्हता. कपाटात लपून बसले की बाहेर पडायची हिंमत नाही, आत बसलं तर गेम पुढे जात नाही. शेवटी मी तो गेम चालू करायच्या आधी घरातली कामं काढायला लागले. कपडे वाळत घालते, मग खेळते. भांडी होऊ दे, मग खेळते. तेव्हा कळलं की इथे आपलं काही खरं नाही, आणि काढून टाकला.

पण डोक्यात किडा राहिला. घर पण भीतीदायक, स्टेशन पण भीतीदायक, मग एक जमलं एक नाही असं का? ग्राफिक? नाही. रक्त तर पहिल्यात जास्त. मग स्टारड्यू आठवलं आणि ट्यूब पेटली. मला भुताचं काही नाही. मला घाई नको. माझ्या मागे कुणी लागलेलं नको, मग तो एलियन असो नाहीतर घड्याळ. थांबायची सोय असेल तर मी स्मशानात पण बसेन.

ही थिअरी तपासायला मी जे कधी हात लावला नसता असे गेम घेतले. एक रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८ चा, एका माणसाने बनवलेला, लुकास पोप. काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा, पहिले दहा मिनिटं वाटलं लॅपटॉप बिघडला. १८०७ साल, एक हरवलेलं व्यापारी जहाज परत आलंय, आत सगळे मेलेले किंवा गायब, आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे इन्शुरन्सवाले. ६० माणसं, प्रत्येकाचं नाव आणि तो कसा गेला हे शोधायचं. हातात एक घड्याळ आहे, ते प्रेताजवळ उघडलं की तो मरतानाचा क्षण थिजलेला दिसतो आणि तुम्ही त्यात फिरायचं. कोणाचं मुंडकं उडालंय, कोणाला समुद्रातला राक्षस ओढून नेतोय, आणि मी निवांत त्या राक्षसाखाली उभी राहून मागच्या खलाश्याच्या पायातले बूट बघतेय. कोण कुठल्या झोळीत झोपतो त्याच्या नंबरावरून नाव काढायचं. तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम सांगतो की बरोबर, तोपर्यंत बोंबला. खलाश्यांत आपल्याकडचेही आहेत, ते सापडले तेव्हा उगाच आनंद झाला. असला डिटेक्टिव्ह प्रकार मला आवडेल असं कुणी आधी सांगितलं असतं तर हसले असते. घड्याळ आहे पण घाई नाही, हे माझ्यासाठीच बनवलंय.

दुसरा ड्रेज. २०२३, न्यूझीलंडच्या चार जणांच्या टीमचा. तुम्ही एक कोळी, बोट फुटलेली, गावचा मेयर दुसरी बोट देतो ती उधारीवर. दिवसा मासे पकडायचे, विकायचे, कर्ज फेडायचं. रात्री समुद्रात राहिलात तर हळूहळू टेन्शन वाढतं, स्क्रीनवर एक डोळा भिरभिरायला लागतो, जिथे खडक नव्हते तिथे खडक दिसतात. पण मेख अशी की यात वेळ पुढे जातो तो तुम्ही बोट हलवलीत किंवा मासे काढलेत तरच. बोट थांबवली की घड्याळ पण थांबतं! चहा करून या, काही होत नाही. नंतर यात राक्षस अंगावर येणार नाहीत असा पॅसिव्ह मोडही आलाय, मला लागला नाही.

आणि हा गेम मी मामाबरोबर खेळले, म्हणजे मी खेळले आणि मामाने शेरे मारले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, बोट वर काढलेली, जाळी दुरुस्त करून झाली, बाहेर धो धो पाऊस, मग माणूस करणार काय. मामाने पहिला प्रश्न विचारला, बर्फ खय आसा? कारण यात पकडलेला मासा ठेवून दिला की शिळा होतो, मग कुजतो, भाव पडतो. खरंच की, एवढं सगळं केलंय आणि मी खेळले त्यात बर्फ कुठे दिसला नाही. मग बांगडा आला तर हो आमचो बांगडो न्हय म्हणून नापास केला. मग रात्री तीनचार डोळ्यांचा, तोंड फाटलेला एक प्रकार जाळ्यात आला. मी गप्प. मामा पुढे वाकून बघतोय. ह्यो मासो कोण घेतलो? म्हटलं मामा, याला नेहमीच्या माशापेक्षा जास्त भाव आहे. मग काय, हरकत संपली. त्यानंतर मला दिवसा साधे मासे काढू देईना.

इथपर्यंत थिअरी फिट्ट. मग सबनॉटिका.

हा हॉरर नाहीच. २०१८ ला पूर्ण आला, दुकानात सर्व्हायव्हल म्हणून आहे, मारामारीची बंदूकसुद्धा नाही. परग्रहावरच्या समुद्रात यान पडतं, तिथे जगायचं. सुरुवातीचा उथळ भाग इतका सुंदर आहे की विचारू नका, खाली वाळू दिसते, प्रवाळ, रंगीत मासे. मी तिथे घर बांधलं, झाडं लावली. ऑक्सिजन संपत आला की बाई सांगते तीस सेकंद, त्याचा त्रास झाला पण अपेक्षित होतं, घाईच ती. तर म्हटलं क्रिएटिव्ह मोड लावू, त्यात भूक नाही, तहान नाही, ऑक्सिजन संपत नाही. आता कसली घाई? छोटी पाणबुडी घेतली आणि उथळ भागाच्या कडेला गेले. तिथे वाळू संपते. म्हणजे संपतेच, पुढे नुसता निळा, त्याच्याखाली जास्त निळा, आणि मग काळा. मी काठावर थांबले आणि पाणबुडी पुढे जाईना, म्हणजे बटण दाबलं तर जाईल पण माझं बोट बटण दाबेना, तळपायाला घाम, आणि लांबून कुठूनतरी रीपर नावाच्या तिथल्या राक्षसाचा तो आवाज. त्या गेममध्येच लिहून ठेवलंय की रीपर ओरडतो ते अंदाज घ्यायला, तुम्हाला त्याचा आवाज ऐकू येतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसताय. हे कुणी लिहितं का रे?

घाई शून्य आणि तरी फाटली. थिअरीचे तीनतेरा.

मला पोहता येतं, खाडीत शिकलेय, पण आता विचार केला तर मी कायम पाय टेकतील एवढ्याच पाण्यात पोहलेय. इथे लांबलांबून पर्यटक येऊन किल्ल्याजवळ स्कुबा करतात, फोटो काढतात, मला गावातली म्हणून फुकट नेतो म्हणाले तरी मी दरवेळी काहीतरी कारण काढते. ते कारण नव्हतं तर हे होतं हे मला एका गेमने सांगितलं. आणि आजीने लहानपणी सांगितलेला गिऱ्हा, जो पाण्यातून पाय धरून ओढतो, तोच तेवढा आत जाऊन बसला असावा, बाकीची सगळी भुतं हसण्यावारी गेली.

मग मुद्दाम सोमा खेळले. २०१५ चा, समुद्राच्या तळाशी बांधलेल्या स्टेशनवर घडतो. २०१७ च्या शेवटी त्यात सेफ मोड आला, राक्षस असतात पण मारत नाहीत. यात स्टेशनबाहेर पडून काळ्याकुट्ट पाण्यात चालत जावं लागतं, वर केवढा समुद्र, आजूबाजूला काही दिसत नाही, आणि मला चाललं! कारण चालायचं होतं. पायाखाली तळ होता. म्हणजे पाणीही नाही, खोलीही नाही, खाली काहीच नसणं हा प्रॉब्लेम. (गोष्ट मात्र जबरदस्त आहे, माणूस म्हणजे नक्की काय यावर दोन रात्री छताकडे बघत पडले होते, ती भीती वेगळी, ती चालते.)

माणसं बरोबर असली की अजून वेगळंच गणित. फास्मोफोबिया चौघांत खेळतो आम्ही, भूत शोधायचा गेम, ते पिसाळलं की माईकवर तुमचा आवाज ऐकून येतं. तेव्हा सगळे श्वास रोखून गप्प. आणि नेमकी आजी दारात, जेवक येतंस मा गो, मासे थंड झाले. मी गेले, सरळ मेले. आजीला समजावलं की भूत आवाजावर येतं म्हणून बोलू नकोस, तर म्हणाली, आणि ह्याचे पैसे दिलंस? पैसे देवन कोण भिता गो? यावर आमच्या चौघांपैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

बाकी पैशांचं म्हणाल तर स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परत मिळतात, आणि माझ्या अनुभवात काय जमणार नाही ते पहिल्या तासातच पोटाला कळतं. कोळ्यांची भीती असेल, म्हणजे आठ पायवाल्या, तर ग्राउंडेड नावाच्या गेममध्ये त्यांचे पाय कमी करत करत नुसता गोळा करता येतो. असली सेटिंग लावली की काही जण नाक मुरडतात, आतेभाऊ त्यातला. त्याचं अजूनही चालू असतं की एलियन परत लाव, त्यात नॉव्हिस मोड आलाय, सोपाय. सोपा असेल रे, पण तिसऱ्या दिव्यापर्यंत थांबावंच लागणार ना. त्याने स्वतः स्टारड्यूमध्ये तीन वर्षं शेती केलीय निवांत, त्याला घड्याळ दिसत कसं नाही हे मला अजून समजलेलं नाही.