आवाज उजवीकडे, जाम डावीकडे

गाडी बाबांची. 2007 ची, सात आसनी डिझेल, मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन शू दाबून थांबवणारे. बाबांनी चालवणं सोडलं तेव्हा ती माझ्याकडे रत्नागिरीला आली आणि पहिला अख्खा पावसाळा पत्र्याच्या शेडखाली उभीच राहिली. गणपतीच्या आधी बाहेर काढली तर मागून किर्रर्र. ब्रेक दाबला की आवाज, आणि पाय काढताना एक बारीक 'टक'.

जवळच्या गॅरेजात दाखवली. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, संपलेत म्हणाले आणि मागचे चारही शू बदलून दिले. लायनर खरंच झिजले होते, मी डोळ्यांनी पाहिले. पण आवाज होता तिथेच राहिला आणि वर गाडी ओढल्यासारखी चालायला लागली. न्यूट्रलला टाकली तरी आमच्या गेटसमोरच्या उतारावर ती हलेना. नवीन लायनर बसायला वेळ लागतो, हे उत्तर मी दोन आठवडे मान्य केलं. करायला नको होतं.

मग कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबले आणि दार उघडताच जळका वास आला. घाटात ब्रेक तापणारच, त्यात नवल नाही. पण मागची दोन चाकं साधारण सारखी तापायला हवीत. बाटलीतलं पाणी बोटांनी रिमवर शिंपडलं. उजवीकडे थेंब ओघळून गेले. डावीकडे चर्र करून उडाले. तासभर गाडी गार होऊ दिली आणि खालच्या गिअरमध्ये हळूहळू घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर ब्रेकला जवळजवळ पाय न लावता फिरवली, गिअरवरच थांबवली. तरीही डावं मागचं चाकच गरम. म्हणजे ब्रेक न दाबताच शू ड्रमला घासत होते.

आता वेगळ्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "ताई, पावसात उभी होती तेव्हा हँडब्रेक ओढलेला होता काय?" होता. जूनपासून. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, हँडब्रेक खाली केला, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घेतली. उजवं चाक हाताने सहज फिरलं. डावं अर्धा फेरा जाऊन थांबलं. मेस्त्रींनी डाव्या चाकाचं निपल, म्हणजे ब्रेकचं तेल बाहेर काढायचा स्क्रू, सैल केलं. ब्रेकचा रबरी होज आतून फुगला तर तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही; तसं असेल तर निपल उघडल्यावर अडकलेला दाब निघून चाक मोकळं होतं. चार थेंब तेल आलं, चाक तसंच घट्ट. म्हणजे दोष तेलात नव्हता. मग गाडीखाली जाऊन हँडब्रेकची केबल पुढून ढिली केली. तरीही घट्ट. इथे मी मनातल्या मनात केबलला निर्दोष सोडून दिलं होतं.

ड्रम हातोड्याने निघेना. ड्रमला दोन आटे असलेली भोकं असतात, त्यात बोल्ट पिळत गेले की तो आपोआप बाहेर येतो. आतली धूळ मेस्त्रींनी हवा न मारता ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत नको. तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचकून पाहिलं: कोरडं, गळती नाही. मग त्यांनी शूच्या मागचा हँडब्रेकचा लिव्हर मला बोटाने ढकलायला लावला. ढिम्म. पक्कडीने केबलचं टोक लिव्हरमधून काढलं आणि तो लिव्हर लगेच मागे पडला. केबलच्या चाकाकडच्या टोकाचा रबरी बूट फाटला होता. पाणी आत जाऊन तार आवरणातच गंजून बसली होती. पुढून कितीही ढिली केली तरी मागचं टोक ओढलेलंच राहणार.

मग जुन्या लायनरवर चाक जाम का होत नव्हतं? कारण शू आणि ड्रममधली फट जुळवणारा ॲडजस्टरही गंजला होता. लायनर झिजत गेले, फट वाढत गेली आणि अर्धवट ओढलेल्या केबलने शू ड्रमपर्यंत पोचतच नव्हते. नवीन जाड लायनर घातले आणि ती फट भरली. गॅरेजने एक खरा दोष दुरुस्त करून दुसरा उघडा केला, एवढंच.

आणि आवाज? मी तो डावीकडचाच धरून चालले होते. मेस्त्रींनी उजवा ड्रम काढून शूखालच्या पत्र्यावर नख फिरवायला सांगितलं. शू ज्या उंचवट्यांवर सरकतो, तिथे चर पडली होती, नख अडकण्याइतकी. शूची कड त्यात अडकायची आणि सुटताना टक वाजायची. वेल्डिंगने चर भरून, घासून सपाट केली आणि तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस लावलं, अगदी पुसट. जास्त झालं तर वितळून लायनरवर जातं आणि नवीन शू फुकट.

दोन्ही बाजूंच्या केबल आणि ॲडजस्टर बदलले. ब्रेक ऑईल काळं पडलं होतं, तेही बदलून हवा काढली. तेल हवेतला ओलावा शोषतं: नवीन डॉट 3 दर्जाचं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. घाटात हा फरक पायाला कळतो.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "डिकीत चिऱ्याचा तुकडा आहे तो कशाला ठेवलाय वाटलं तुला?" मी तो कचरा समजून पहिल्याच आठवड्यात फेकला होता. आता नवा आणलाय. पावसात गाडी गिअरमध्ये, चाकाला चिरा, हँडब्रेक खाली.

ओल्या सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला अजूनही किर्र होतं. ड्रमवर रात्रीतून चढलेला गंज आहे तो. गेटपर्यंत जातो.