तुम्ही विचारलंत म्हणून: कोड तोच, मग बिल्ड का अडला?

हा प्रश्न बहुतेकदा कीबोर्डच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या क्यूएमके या फर्मवेअरबद्दल येतो. चिप एटीमेगा३२यू४, कोडला हात लावलेला नाही, पण संगणक अपडेट झाल्यापासून बिल्ड, म्हणजे कोडपासून फर्मवेअर बनवण्याचं काम, एका वॉर्निंगवर थांबतो. मग क्यूएमकेच्या ‘अलाउ वॉर्निंग्ज’ या सेटिंगला ‘येस’ देऊन पुढे जाऊ का, असं विचारलं जातं.

वॉर्निंग वाचल्याशिवाय नको. क्यूएमके मुद्दामच ‘-डब्ल्यूएरर’ लावून प्रत्येक वॉर्निंगला चूक मानतं. ‘येस’ दिलंत की फक्त अडलेली एक नाही, सगळ्याच वॉर्निंग्ज मोकाट सुटतात.

अपडेटमध्ये बदललेला असतो तो कम्पायलर, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. इथे तो एव्हीआर-जीसीसी, म्हणजे या चिपच्या एव्हीआर कुळासाठीचा जीसीसी. आधी त्याची आवृत्ती पाहा. जुना बिल्ड ‘मेक क्लीन’ने पुसा आणि ‘-जे१’ (एका वेळी एकच काम) देऊन पुन्हा चालवा, कारण चार कामं एकाच वेळी चालली की त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. मग वर जाऊन पहिली वॉर्निंग शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात तिचं नाव असतं. पुढचं सगळं त्या नावावर ठरतं.

नाव ‘अॅरे-बाउंड्स’ (मर्यादेबाहेरची मेमरी वापरल्याची शंका) असेल आणि ओळीत पोर्टबीसारखं रजिस्टर, म्हणजे चिपच्या पिना चालवणारी ठरावीक पत्त्यावरची जागा, असेल, तर तुमचा कोड बरोबर आहे. मे २०२२ मध्ये आलेलं जीसीसी १२ हे ४०९६ च्या आतल्या ठरावीक पत्त्याला नल पॉइंटरवरून (कुठेच न रोखलेल्या, शून्य पत्त्यावरून) चुकून पोचलेला पत्ता समजतं. डेस्कटॉपवर तो अंदाज योग्य आहे. पण या चिपवर पोर्टबीचा पत्ताच ३७ आहे, बाकीची रजिस्टरंही तिथेच आसपास. कम्पायलरला ‘--पॅरॅम=मिन-पेजसाइझ=०’ सांगितलं की तो समज जातो. क्यूएमकेने हे पुढे स्वतःच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) घातलं, म्हणून आधी तुमचा जुना फोर्क, म्हणजे क्यूएमकेची तुमची प्रत, मूळ कोडशी जुळवून घ्या. ते जमत नसेल तर तुमच्या कीमॅपच्या (कळींच्या मांडणीच्या) ‘रूल्स डॉट एमके’ फाइलमध्ये ‘एक्स्ट्राफ्लॅग्ज’ला हा फ्लॅग, म्हणजे कम्पायलरला द्यायची ही सूचना, जोडा. जुन्या जीसीसीला मात्र हे नाव माहीत नसतं, तिथे बिल्ड उलट याच फ्लॅगवर मोडेल.

‘अनयूज्ड-व्हेरिएबल’ (लिहून ठेवलेला, पण कुठेच न वापरलेला व्हेरिएबल) असेल तर ती ओळ काढा, विषय संपला.

‘इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लेरेशन’ (कम्पायलरला ओळख न देताच वापरलेलं फंक्शन) मात्र कधीही दाबू नका. समजा, वेगळ्या सी फाइलमध्ये तुम्ही मिलिसेकंदांत वेळ सांगणारं ‘टायमर_रीड३२’ वापरलंत आणि त्याची ओळख देणारी हेडर फाइल विसरलात. कम्पायलर गृहीत धरतो की फंक्शन ‘इंट’ (साधा पूर्णांक) परत देतं, आणि एव्हीआरवर ‘इंट’ १६ बिटांचा असतो. ३२ बिटांचं उत्तर प्रोसेसरच्या आर२२ ते आर२५ या चार रजिस्टरांत येतं, १६ बिटांचं फक्त आर२४ आणि आर२५ मध्ये. म्हणजे तुमच्या हाती वरचा अर्धा भाग लागतो. तो पहिली ६५ सेकंदं शून्यच राहतो आणि नंतर दर ६५.५ सेकंदांनी एकाने वाढतो. ५०० मिलिसेकंदांचा टाइमआउट संपायला जवळपास ९ तास लागतील, आणि तुम्ही दिवसभर स्विच आणि सोल्डर तपासत बसाल. मे २०२४ च्या जीसीसी १४ पासून तर ही मुळातच चूक धरली जाते, त्यामुळे ‘अलाउ वॉर्निंग्ज’ही तिथे कामाला येत नाही.

उपाय एका ओळीचा आहे: त्या फाइलच्या डोक्यावर ‘टायमर डॉट एच’ इन्क्लूड करा.