लागोपाठचे नंबर

एसटीत माझी चोवीस वर्षं वाहक म्हणून गेली. मग मणक्यात गॅप निघाला आणि मला हलकं काम मिळालं, जत स्टँडवर विद्यार्थी पासच्या खिडकीत बसायचं. आता त्या खिडकीपुढं पूर्वीसारखी रांग नसते. जून २०२४ पासून पास शाळेतच नेऊन द्यायचं ठरलं. पोरांचा हेलपाटा वाचला, बरंच झालं. पण मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली आहे, आणि रांग नसती तर ती मला कळलीच नसती.

खिडकीत बसणाऱ्याला माणसं नावानं आठवत नाहीत. हात आठवतात, आवाज आठवतात, कोण सुट्टे आणतं आणि कोण पाचशेची नोट पुढं करतं ते आठवतं. मुलींचं तर पैशाचंही काम नसतं. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट. शाळेचा सही-शिक्का बघायचा, मार्ग बघायचा, तारीख घालायची, मग पुढची मुलगी.

त्या दोघींना मी मनात 'पुढची' आणि 'मागची' म्हणायचो. जतच्या पूर्वेकडच्या एका गावाच्या वस्तीवरून यायच्या. रात्री मुक्कामी गेलेली गाडी सकाळी साडेसहाला तिथून सुटते, तिनं. आठवीपासून दर महिन्याला एकच रांग, एक पुढं आणि एक तिच्या दप्तराचा बंद धरून मागं. त्यामुळं दोघींच्या पासचे नंबर नेहमी लागोपाठचे. पुढची बोलकी होती. "काका, फोटो आमचा न्हाई, आमच्या भुताचा आलाय," असं काहीतरी बोलून जायची. मागचीचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

तो ऐकला डिसेंबर २०२३ मध्ये. दिवाळीची सुट्टी संपून दहा-बारा दिवस झाले होते. मागची एकटी आली. तिचा पास करून मी परत दिला तरी हलेना. मागं पोरं ढकलत होती.

"काका, हिचा पास कुणी काढलाय का बघा की."

"कुणाचा?"

"माझ्या फुडं असती तिचा."

मी रजिस्टर चाळलं. पुढचीचा शेवटचा पास ऑक्टोबरातला. मुदत दिवाळीआधीच संपलेली. दुसऱ्या मार्गाचाही नाही. हंगाम सुरू झालाय, गेली असतील ऊसतोडीला, असं मी म्हणालो आणि पुढच्या पोराचा फॉर्म घेतला. खरं सांगायचं तर मला त्यात विशेष काही वाटलं नाही. जत तालुक्यात दसरा-दिवाळीनंतर निम्म्या वस्त्यांना कुलपं लागतात. म्हैसाळ योजनेचं पाणी जिथं पोचलं तिथं द्राक्ष-डाळिंब आलं, जिथं नाही तिथं माणूस कोयता घेऊन कृष्णाकाठ गाठतो. त्या वर्षी ऊसदराच्या आंदोलनानं साखर कारखाने उशिरा सुरू झाले होते, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तिला बाकड्यावर बसवलं आणि म्हटलं, सांग एकदा सगळं.

तिचं म्हणणं असं. पुढचीचे आईबाप दरवर्षी तोडीला जातात, पण ती जात नाही, आजीपाशी राहते. आजी वैशाखात वारली. दिवाळीत मागची मामाकडं अथणीला गेली होती. आठ दिवसांनी आली तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, गेली सगळी. वर्गशिक्षक म्हणाले, बोर्डाचा फॉर्म भरलाय तिचा, परीक्षेला येईल. बापाचा मोबाईल बंद.

"मग गेलीच की आईबापाबरोबर."

"तिची आई न्हाई गेली, काका. तिचा पाय मोडलाय भादव्यात. ती कशी तोडंल?"

हे वस्तीवर कुणालाच माहीत नव्हतं? होतं, सगळ्यांना होतं. फक्त पाय आणि कुलूप ह्या दोन गोष्टी कुणी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. आणखी एक गोष्ट तिनं शोधून काढली होती. वस्तीवरच्या शेळ्या राखणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोरानं पुढचीला ट्रॉलीत पोत्यांवर बसलेली बघितली होती. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गरुड काढलेला होता, लाल चोचीचा. मोठ्यांपैकी कुणी त्या पोराला विचारलंच नव्हतं, कारण मुळात कुणी काही विचारतच नव्हतं.

मी तिला घेऊन पोलिसांकडं गेलो. तिथं फार वेळ लागला नाही. अंमलदार सभ्यपणानं बोलला. मुलगी हरवली म्हणता, तर तक्रार द्यायला आईबाप का नाहीत? बापाबरोबर असेल तर हरवली कशी? त्याला उत्तर माझ्याकडंही नव्हतं. मला नंतर लक्षात येत गेलं, ती कुठल्याच खान्यात बसत नव्हती. सक्तीचं शिक्षण चौदापर्यंत, ही पंधराची. बालमजुरीची सरसकट बंदीही चौदाच्या आतल्यांना. शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढं रोज गैरहजेरी पडत होती, पण गैरहजर म्हणजे हरवलेली नव्हे. माझ्या रजिस्टरात तर गैरहजेरीही नव्हती. पास काढायला न आलेल्या पोरीची नोंद कुठं करायची, असा रकानाच नसतो.

पण एसटीवाल्याकडं एक गोष्ट असते, दुसरे एसटीवाले. इस्लामपूरला (आता ईश्वरपूर) माझ्याबरोबर भरती झालेला एक वाहक होता. त्याला फोन लावला. जतकडची टोळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गरुड, लाल चोच. तो हसला. म्हणाला, अरे प्रत्येक ट्रॉलीवर गरुड नाहीतर वाघ असतोय. पण त्यानं आष्ट्याच्या, वाळव्याच्या फेऱ्यांवरच्या पोरांना सांगितलं. खेड्यातल्या गाडीचा वाहक रस्त्याकडेच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, रोज बघतो. कुठली टोळी कधी उतरली, कुणाची पोरं हात करून गाडी थांबवतात, कोण आठवड्याच्या बाजाराला निघालंय, सगळं त्याला ठाऊक असतं. पाचव्या दिवशी फोन आला. आष्ट्याच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला, बारा कोप्या. "गरुड आहे रे. चोच लाल आहे का पान खाल्लंय कळंना, पण हाय."

माझी साप्ताहिक सुट्टी धरून निघालो. परक्या पोरीला एकट्यानं नेणं बरं दिसत नाही, म्हणून मागचीच्या आईला बरोबर घेतलं. आईची एक दिवसाची मजुरी बुडत होती आणि ती ते सांगलीपर्यंत मला ऐकवत होती, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. मला कर्मचाऱ्याचा पास, त्या दोघींना महिलांचं अर्धं तिकीट. मागचीनं मांडीवर दप्तर घट्ट धरलं होतं. मिरजेला चहा घेऊ म्हटलं तर गाडीतून उतरायला तयार नाही.

कोप्यांवर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. दोन म्हाताऱ्या, झोळीतली पोरं आणि एक करडू एवढंच होतं. टोळी फडात होती. पहाटे चारला निघतात. बांधावरून चालत गेलो. तोडलेल्या रानात पाचट पसरलेलं, पलीकडं अर्धा फड उभा. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या रचलेल्या. गरुडवाली ट्रॉली भरत होती. तिला लावलेल्या अरुंद फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन माणसं वर चढत होती. फळी लवत होती.

मी पुढचीला ओळखलं नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ड्रेसवरून पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट, कारण उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. मागचीनं मात्र लांबूनच ओळखलं. ती पळाली नाही. सरळ चालत गेली, मोळी टाकून खाली उतरेपर्यंत फळीजवळ उभी राहिली, आणि मग तिच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

"सांगून जायला तोंड नव्हतं?"

पुढचीनं आधी दोन्ही हात पाठीमागं लपवले. बराच वेळ दोघी तशाच उभ्या. मला वाटलं आता रडारड होणार. पुढची म्हणाली, "भूमितीचं कुठवर आलंय?"

"निर्देशक भूमिती संपली. त्रिकोणमिती चाललंय."

मागचीनं दप्तर उघडलं. सहा वह्या. शाळा सुरू झाल्यापासून रोज ती सगळं दोनदा लिहून घेत होती, एकदा स्वतःसाठी आणि एकदा हिच्यासाठी. मी एक वही उघडून बघितली. दुसरी प्रत जास्त सुवाच्य होती.

बाप आला. कमरेत वाकलेला, माझ्याहून लहानच असेल, दिसत होता मोठा. मी कोण ते सांगितल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "सायेब, मी पोरगी इकली न्हाई."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण तो ते मनात घोळवतच असावा. मग बांधावर बसून त्यानं हिशेब सांगितला. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, ते जोडीचे. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बायको पायरीवरून पडली, ती माहेरी विजापूरकडं पडून आहे. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता टोळीत चालत नाही, एक तर पैसे परत टाक नाहीतर माणूस दे. उचलीतले पैसे आईच्या आजारपणात आणि दिवसपाण्यात गेलेले. मोबाईल पहिल्याच आठवड्यात पाचटात पडला तो मिळालाच नाही, आणि सगळे नंबर त्यात. "दोन महिनं जरा कळ काढ म्हटलं. परीक्षेला सोडतो म्हटलं. ती हो म्हटली."

"ती काय नाही म्हणणार होती?" हे मागचीची आई म्हणाली, मराठीत. सकाळपासून मजुरीचं रडगाणं लावलेली बाई. त्यावर तो गप्प बसला.

इथं मला वाटलं होतं तसं काही घडलं नाही. पुढची आमच्याबरोबर यायला तयार झाली नाही. दादांचा, म्हणजे बापाचा, कोयता मोडंल, म्हणाली, तोडलेला ऊस मी बांधून दिला नाही तर ते एकट्यानं कधी उरकतील. वह्या तेवढ्या ठेवून घेतल्या. मागची तिच्याकडं न बघता बांधावरून निघाली आणि जतपर्यंत एक शब्द बोलली नाही. कवठे महांकाळच्या पुढं अंधार पडला. तिनं खिडकीच्या काचेला डोकं टेकलं होतं, रडत होती का झोपली होती, मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना फड, फळी, वह्या सगळं सांगितलं. एक चांगलं, त्यांनी वाद घातला नाही. वर्गशिक्षक खाली बघत होते, पण त्यांना तरी मी काय बोलणार? पहिल्या दिवशी मीच म्हणालो होतो, हंगाम आहे, गेली असेल. पुढचे काही दिवस फोनाफोनी झाली. मुख्याध्यापकांनी कारखान्याच्या शेतकी विभागात ओळख काढली, तिथून मुकादमावर शब्द गेला. पंढरपूरकडं वीटभट्टीवर असलेला बापाचा धाकटा भाऊ यायला तयार झाला. मुकादमानं फुकट काही सोडलं नाही. बदली माणूस येईपर्यंतचे खाडे धरून उचलीत वाढ दाखवली म्हणे. ती फिटली की नाही, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात, रात्री खिडकी बंद केल्यावर, मी मागची रजिस्टरं काढून बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीआधी पास होता आणि दिवाळीनंतर नाही, अशी मुलींची नावं एका कागदावर लिहीत गेलो. त्या एका वर्षाची अकरा निघाली. पुढची धरून. कागद मुख्याध्यापकांकडं दिला. बाकीच्या दहांपैकी दोघींनी गावातल्याच शाळेत नाव घातलं होतं, एक वसतिगृहात होती, चौघी फडावर, दोघींची लग्नं झाली होती. एकीचा पत्ताच लागेना. आधीच्या वर्षांची रजिस्टरं मी उघडली नाहीत. उघडायला हवी होती, हे मला कळतं.

पुढची जानेवारीत आली. यल्लमादेवीच्या यात्रेच्या जादा गाड्यांचं नियोजन चाललं होतं, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मार्चच्या पहिल्या तारखेला परीक्षा म्हणून दहावीची पोरं घायकुतीला आलेली. खिडकीतून दोन हात एकदम आत आले. एका हातावर पानानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या.

"काका, ह्यावेळी फोटो भुताचा न्हाई, उसाचा आलाय," पुढची म्हणाली.

मी हसलो आणि फॉर्म घेतला. पण दोघींच्या मध्ये गर्दीत एक पाचवीतली चिमुरडी घुसली होती, तिचा फॉर्म आधीच माझ्या हातात आलेला. दोघींचे नंबर लागोपाठ आले नाहीत. मागचीनं ते पासावर वाचलं आणि जी पोरगी दोन वर्षं तोंड उघडत नव्हती, तिनं त्या चिमुरडीशी असं भांडण काढलं, की शेवटी कंट्रोलरनं माईकवरून मला विचारलं, पासच्या खिडकीवर काय गोंधळ चाललाय.