बाईंचा कोपरा आणि आमच्या घरची माटोळी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेच्या हीरक महोत्सवाला नाही कोण म्हणणार. पण लिहायला बसले आणि दर वेळी गाडी बाईंवरच यायला लागली. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये, सगळ्यांनीच आम्हाला घडवलं, पण मला पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं ते बाईंमुळे. आणि नुसतं बाई म्हटलं की कोण, ते आपल्या वेळच्या मुलांना सांगायला नको.

१९८७ साली गोवा घटक राज्य झालं त्या जूनमध्ये मी तिसरीत गेले. आपली जुनी इमारत आठवते ना, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पावसाळ्यात मागची भिंत आतून घामेजायची आणि तिला टेकून ठेवलेलं काहीही जुलै संपेपर्यंत बुरशीने पांढरं व्हायचं. शाळेची पुस्तकं म्हणजे ऑफिसातली एक पत्र्याची ट्रंक. त्यात डांबरगोळ्या टाकलेल्या. ती ट्रंक उघडायची ती इन्स्पेक्शनच्या आधी, पुस्तकं मोजून परत बंद. बाईंना हे बघवत नसे. पुस्तक मुलाला दिसलं पाहिजे, त्याचं तोंड दिसलं पाहिजे, नुसती कड दिसून काय उपयोग असं त्या म्हणायच्या. तोंड म्हणजे कव्हर.

वर्गात कपाटाला जागा नव्हती, पैसे नव्हते, भिंतीचा तर प्रश्नच नाही. बाईंनी फळ्याच्या डाव्या बाजूची खिडकी धरली कारण तिथे कौलं गळत नव्हती आणि दुपारपर्यंत उजेड चांगला यायचा, शिवाय दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागत नव्हते. खाली पोती धुऊन पसरली, वर आमच्यापैकी कुणाकुणाच्या घरून आलेल्या जुन्या साड्यांची वाकळ. बसायची सोय झाली. आता पुस्तकं ठेवायची कुठे?

तेवढ्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली. त्या वर्षी आमच्या घरी नवीन माटोळी, म्हणजे गणपतीच्या माथ्यावर फळं-फुलं बांधून टांगतात ती लाकडी चौकट, करून घेतली होती, जुनी चौकट माळ्यावर टाकलेली, एक पट्टी सुटलेली पण लाकूड फणसाचं, ठणठणीत. चवथीच्या सुट्टीनंतर वर्गात घरच्या गणपतीबद्दल बोलताना मी हे सहज सांगितलं आणि बाई एकदम थांबल्या, मला म्हणाल्या ती चौकट आपल्याला मिळेल का गं. मी घरी विचारलं. बाबा नको म्हणाले, देवाच्या माथ्यावर बांधलेली वस्तू शाळेत कुठे टांगणार, मुलांचे हात लागणार, पाय लागणार. आई गप्प. आजी मात्र ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसली होती ती मान वर न करता म्हणाली, "पुस्तकां म्हणल्यार सरस्वतीच न्हय गो? व्हर ती." म्हणजे घेऊन जा. विषय संपला. दुसऱ्या दिवशी बाबांनीच ती चौकट खांद्यावरून शाळेत आणून दिली.

पुढचं काम आमच्या वर्गातल्या सुताराच्या मुलाने केलं. तो वाचायला अजिबात बसायचा नाही. अक्षर लावता लावता घाम फुटायचा त्याला आणि मग बाहेर पळायचा. बाईंनी त्याला वाच म्हटलंच नाही. पट्टी ठोकून दे म्हणाल्या. त्याने घरून खिळे आणून ठोकली, मग वाशाला सुंभ बांधून चौकट खाली घेतली, पार खाली, पहिलीतल्या पोराचा हात पोचेल इतकी, आणि केवणीच्या, म्हणजे रानातल्या झुडपाच्या सालीच्या दोरांनी पुस्तकं टांगली. माटोळीला कांगलांसारखी रानफळं, तवशी, सुपारीचे घोस बांधतात तीच गाठ. पुस्तक मधोमध उघडून दोरावर टाकायचं, कव्हर बाहेरून दिसणार, खालून वारा खेळता, भिंतीचा ओलावा नाही की वाळवी नाही. एवढा विचार बाईंनी आधीच केला होता की करता करता सुचत गेलं ते मला माहीत नाही, पण आजही मला पावसाळी गावातल्या शाळेसाठी याहून चांगली सोय दिसत नाही.

सगळी पुस्तकं एकदम टांगायच्या नाहीत बाई. आठ-दहाच. बाकीची ट्रंकेत, आणि शनिवारी अर्धी शाळा सुटायच्या आधी बदल. बदलायचं काम त्या सुताराच्या मुलाकडेच, गाठ त्यालाच नीट यायची ना! कुठलं उतरवायचं कुठलं चढवायचं हे ठरवायला त्याला नाव वाचावं लागायचं, मग आत काय आहे ते थोडं बघावं लागायचं, मुलं त्याला विचारायची ते भुताचं कधी लावणार, मग ते भुताचं आहे की नाही हे बघायला तो पानं उलटायचा. दिवाळीपर्यंत तो त्या वाकळीवर पालथा पडून वाचत होता. कुणी त्याला शिकवलं असं म्हणता येत नाही. मला वर्गातली ही एकच गोष्ट लख्ख आठवते, बाकी पाढे, कविता, परीक्षा सगळं धूसर झालंय.

ट्रंकेतली पुस्तकं पुरेनात तेव्हा चांदोबाचे आणि किशोरचे जुने अंक कुणाकुणाच्या घरून आले आणि तेही संपल्यावर बाईंनी आमच्याकडूनच पुस्तकं करून घेतली. कॅलेंडरची मागची कोरी बाजू, मधोमध दोऱ्याने शिवलेली. आमच्या वाड्यावरची जत्रा, शिगम्यातला रोमट म्हणजे मिरवणूक, आजीच्या तोंडच्या गोष्टी. आम्ही घरी कोकणी बोलणारी मुलं, मराठी शाळेत आल्यावर शिकलो, तर त्या कोपऱ्यात वाचायचं मराठीत आणि त्यावर भांडायचं कोकणीत, बाईंनी कधी टोकलं नाही. शेजाऱ्याच्या मुलाने लिहिलेलं पुस्तक दोरावर लटकताना बघून दुसऱ्याला वाटायचं मीपण लिहितो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला फार उशिरा कळलं. वाचून झाल्यावर बाई काहीही विचारायच्या नाहीत. काय समजलं, तात्पर्य काय, किती पानं झाली, काही नाही. अर्धं सोडून उठलात तरी चालेल, तेच पुस्तक दहादा घेतलंत तरी चालेल. म्हणून तर आम्ही तिथे जायचो. नाहीतर वाकळ आणि खिडकी असून काय, मुलाला कळतं की इथेही परीक्षा आहे आणि ते येत नाही.

चौथीत असताना त्या आम्हाला पणजीला घेऊन गेल्या. मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी दाखवली आणि मग सेंट्रल लायब्ररीत नेलं. १८३२ सालची ती लायब्ररी तेव्हा मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती, शिरताना भिंतीवर त्या निळ्या टाईल्सची चित्रं. आता ती पणजीतच पाटो भागात मोठ्या इमारतीत गेली, तिला जुने लेखक कृष्णदास शामांचं नाव आहे, मी माझ्या वर्गातल्या मुलांना तिथे नेते.

हो, मी पण शिक्षिका झाले, प्राथमिकच, दुसऱ्या तालुक्यात. २०२१ मध्ये निपुण भारत, म्हणजे लहान मुलांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं अभियान, आलं आणि ट्रेनिंगमध्ये आम्हाला वर्गात वाचन कोपरा करा, पुस्तकं मुलांच्या उंचीवर ठेवा, कव्हर दिसू द्या असं सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले, हे सगळं बाईंनी एका खेड्यात जुन्या माटोळीवर करून दाखवलं होतं. माझ्या वर्गातला कोपरा बघायला भागशिक्षणाधिकारी आले, आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांना घेऊन परत आले, मी प्रत्येकाला बाईंचं नाव सांगितलं. त्या कोपऱ्यातलं लाकडी शेल्फ त्याच सुताराच्या मुलाने करून दिलंय, त्याचं आता स्वतःचं वर्कशॉप आहे आणि पैसे घ्यायला तयार नव्हता.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. कितीतरी ठिकाणी कोपरा असतो, रंगवलेला, गादी-उशा, वर झाड काढलेलं, आणि पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात, फाटतील म्हणून. फाटू देत की! बाई फाटलेलं पुस्तक खळीने चिकटवायला आम्हालाच द्यायच्या. आणि आपल्या शाळेचा पट किती खाली आलाय ते तर सगळ्यांना माहीत आहे, २०११ नंतर इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान सुरू झालं आणि आपल्यासारख्या मराठी शाळांच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. आपल्या तिसरीच्या खोलीत आता मोडके बाक रचून ठेवलेत.

म्हणून समितीला माझी विनंती आहे की मंडप, स्टेज, जेवण सगळं होऊ दे पण ती खोली रिकामी करून द्या. चौकट आमचा वर्गमित्र करून देतोय, लाकूडही त्याचंच, केवण मी आणते. ज्यांना पुस्तकं द्यायची आहेत त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलाला वाचता येतील अशी, मोठ्या अक्षरांची द्यावीत, जुनी गाईडं नकोत. मराठी, कोकणी दोन्ही चालतील. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गेटजवळ आमच्या बॅचचं टेबल असेल, तिथे आणून द्या. बाईंना आणायला मी गाडी घेऊन जाणार आहे, पहिलं पुस्तक दोरावर त्यांच्याच हातून टांगायचं ठरलंय.